बाराव्या वर्षी मुलगा अचानक गप्प झाला, तर

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगा बारा वर्षांचा, सातवीत. गेल्या दिवाळीपर्यंत शाळेतून आला की दप्तर खाली ठेवायच्या आधीच दिवसभराचं सगळं सांगायचा. आता विचारलं की 'काही नाही'. खोलीचं दार लोटून घेतो, कधी कडीही लावतो. आजीवर खेकसतो. रात्री अकरापर्यंत टक्क जागा आणि सकाळी सातच्या शाळेसाठी उठवताना रोजचं भांडण. सहामाहीत गणिताचे मार्क उतरले. यजमान म्हणतात दोन ठेवून द्यायला हव्यात, सासूबाई म्हणतात एकुलता एक म्हणून लाडावलाय. आणि शेवटी तुम्ही विचारलंय, 'त्याचा फोन त्याच्या नकळत तपासू का? माझं काय चुकलं?'

मी बालरोगतज्ज्ञ आहे. नाशिकला सव्वीस वर्षं दवाखाना चालवते आणि त्यातली बरीच वर्षं गुरुवारची संध्याकाळ फक्त दहा ते अठरा वयाच्या मुलांसाठी राखून ठेवली आहे. तुमच्यासारख्या आया दर गुरुवारी येतात. बहुतेक जणी उंची वाढत नाही, नीट जेवत नाही, डोकं दुखतं असं काहीतरी घेऊन येतात आणि निघताना दाराशी थांबून खरं ते बोलतात.

तुमचं काय चुकलं, याचं उत्तर आधी देते. तुम्ही लिहिलंय त्यावरून मला काही चुकलेलं दिसत नाही. इतकी वर्षं तो तुम्हाला सगळं सांगत होता ही तुमची कमाई आहे आणि ती कुठे गेलेली नाही. फोनच्या प्रश्नामागे मला दुसराच प्रश्न ऐकू येतो: जो मुलगा सगळं सांगायचा, त्याच्या मनात काय चाललंय हे आता मला कळणार कसं? त्यातलं काही आता तुम्हाला कळणार नाही, आणि ते ठीक आहे. पण काही गोष्टी अशा आहेत ज्या त्याला जीव तोडून विचारायच्या असतात आणि त्यासाठी त्याच्याकडे शब्द नसतात. तिथे तो बोलेल म्हणून वाट बघण्यात अर्थ नाही. तिथे मोठ्यांनीच आधी बोलायचं असतं.

मी त्याला पाहिलेलं नाही, म्हणून काही गोष्टी तुम्हीच पडताळा. तो सगळ्यांशीच गप्प आहे, की फक्त घरात? संध्याकाळी मित्रांत खेळायला खाली उतरतो का? दिवाळीच्या आसपास घरात काही घडलं होतं का, एखादा मृत्यू, मोठं भांडण, शाळा किंवा तुकडी बदलणं? मुळात तो बडबड्या होता, म्हणून हा बदल तुम्हाला इतका बोचतो. जन्मतः अबोल मुलाच्या आईला तो जाणवलाही नसता. घरावरही अवलंबून असतं. तुमच्याकडे त्याला खोली आहे. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी घरांत दोन खोल्यांत सहा माणसं राहतात. तिथे मुलगा दार लावत नाही, तो मोरीत अर्धा तास लावतो नाहीतर गच्चीवर जाऊन बसतो. यापुढचं मी धरून चालले आहे की तो बाहेर मित्रांत हसतो-खेळतो आहे आणि बदल मुख्यतः घरात दिसतो.

आता शरीराचं. हा भाग मी मुद्दाम लांबवणार आहे, कारण घराघरांत नेमका तोच गाळला जातो. मुलीला पाळी येणार म्हणून आई, मावशी, शाळेतल्या बाई, कुणीतरी तिला जवळ बसवून चार गोष्टी सांगतात. शाळेत मुलींसाठी तास होतो आणि त्या वेळात मुलांना मैदानावर पाठवून देतात. मुलाला कुणीच काही सांगत नाही.

मुलगे ९ ते १४ वर्षांच्या दरम्यान कधीही वयात यायला लागतात आणि त्याची पहिली खूण घरच्यांना दिसतच नाही, कारण सुरुवात वृषणांच्या वाढीपासून होते. आवाज फुटणं, मिसरूड, उंचीची झेप हे त्यानंतर वर्ष-दोन वर्षांनी येतं. मुलींची उंची मात्र सुरुवातीलाच भराभर वाढते. म्हणून सातवीच्या वर्गात मुली उंच दिसतात आणि मुलगे त्यांच्या खांद्याला लागतात. तुमच्या मुलाला अजून मिसरूड फुटली नसेल, म्हणून तुमच्या लेखी तो लहान असेल. त्याच्या शरीरात मात्र कदाचित वर्षभरापासून उलथापालथ चालू आहे. शिवाय एकाच बाकावर बसणाऱ्या दोघांपैकी एकाचा आवाज घोगरा झालेला असतो आणि दुसरा पाचवीतला वाटतो. दोघेही अगदी नॉर्मल असतात, पण प्रार्थनेच्या रांगेत रोज पहिलं उभं राहणाऱ्या मुलाला हे कुणी सांगितलेलं नसतं.

काही वर्षांपूर्वी एक आई तेरा वर्षांच्या मुलाला घेऊन आली. चार वर्षं पोहायला जाणारा, स्पर्धेत उतरलेला मुलगा, त्याने अचानक तलावावर जाणं सोडलं होतं. क्लोरीनने अंगाला खाज येते म्हणायचा. घरात टी-शर्टवर टी-शर्ट घालून बसायचा, भर मे महिन्यातही. आईला बाहेर बसायला सांगितलं आणि मी पोहण्याबद्दल एक शब्द न काढता त्याला विचारलं, छातीत कुठे गाठ लागते का? त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याची वही चोरून वाचली होती. मग शर्ट वर केला. दोन्ही स्तनाग्रांखाली बोराएवढी गाठ, हात लावला की दुखणारी. सात महिने तो एकटाच ते सांभाळत होता. आधी त्याला वाटलं कॅन्सर आहे. मग वाटलं आपण मुलगी होत चाललोय. आईला सांगितलं तर ती रडेल, बाबांना सांगितलं तर ते हसतील, आणि मित्रांना तर दिसूही द्यायचं नाही.

वयात येताना निम्म्याच्या आसपास मुलांना ही गाठ कमीजास्त प्रमाणात येते. संप्रेरकांचं प्रमाण वरखाली होत असतं, त्याचा हा परिणाम. बहुतेकांची सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप जिरते. गाठ फार मोठी असेल, वयात येण्याची बाकी कुठलीच लक्षणं नसताना आली असेल किंवा दोन वर्षांनंतरही राहिली तर डॉक्टरांना दाखवायचं. त्या मुलाला मी एवढंच सांगितलं. पुढच्या आठवड्यापासून तो परत तलावावर जायला लागला. त्याची आई मला औषधाचं नाव विचारत होती.

दुसरी गोष्ट चादरीची. साधारण १२ ते १४ या वयात मुलांना झोपेत वीर्यस्खलन व्हायला लागतं. ज्याला कुणी सांगितलेलं नसतं तो सकाळी उठून चादर लपवतो, पहाटे गुपचूप धुतो, दार लावून घेतो. रेल्वेरुळांच्या कडेला, हायवेच्या भिंतींवर रंगवलेल्या जाहिराती तो वाचत आलेला असतो. 'शंभर थेंब रक्ताचा एक थेंब' हे कुठून तरी त्याच्या कानावर पडलेलं असतं. कबड्डी सोडून दिलेल्या एका मुलाने मला खाली मान घालून विचारलं होतं, 'डॉक्टर, माझी ताकद संपत चालली आहे का?' तो तेरा वर्षांचा होता. त्याला अशक्तपणा नव्हता, भीती होती. स्वप्नात वीर्य जाण्याने किंवा हस्तमैथुनाने रक्त कमी होत नाही, ताकद जात नाही, उंची खुंटत नाही. हे वाक्य त्याला मोठ्या माणसाकडून ऐकायला मिळणं गरजेचं आहे. नाहीतर ते तो फोनवर शोधणार आणि तिथे काय सापडेल हे तुम्हाला माहीत आहे.

हे कुणी सांगायचं? शक्यतो वडिलांनी. यजमानांना दोन ठेवून द्यायच्या आहेत ना, त्याऐवजी त्यांना हे काम द्या. समोर बसवून भाषण नको. स्कूटरवरून केस कापायला जाताना, गाडीने गावी जाताना, जिथे एकमेकांच्या डोळ्यांत बघावं लागत नाही अशा ठिकाणी चार मिनिटं पुरतात. शब्द साधे असू देत. 'तुझ्याएवढा असताना एकदा सकाळी चादर ओली दिसली आणि मी घाबरलो होतो. मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून तुला सांगतोय. झोपेत वीर्य बाहेर येतं. तो आजार नाही, शरीर मोठं होतंय. चादर मशीनमध्ये टाकायची, कुणी काही विचारणार नाही. छातीत गाठ लागली, कुठे दुखलं, तर मला सांग, डॉक्टरांना दाखवू.' तो बहुधा खिडकीबाहेर बघत 'माहितीये' म्हणेल. म्हणू दे. उत्तर मागायचं नाही. महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा एखादं वाक्य. वडिलांना जमणारच नसेल तर त्याचा लाडका मामा सांगू शकतो, आणि कुणीच नसेल तर तुम्ही सांगा. आईने सांगितलं तर मुलगा लाजतो, पण ऐकतो. मी हे कित्येक एकट्या आयांच्या घरांत पाहिलं आहे.

दाराचंही यातच येतं. आता त्याच्या खोलीत जाताना दार वाजवायचं, तुम्ही, बाबांनी आणि आजींनीही. दार लोटलेलं चालेल, कडी फक्त कपडे बदलताना, एवढं ठरवून टाका. दार वाजवायला लागल्यावर बऱ्याच घरांत कडी लावणं आपोआप कमी झालेलं मी पाहिलं आहे.

झोपेबद्दल तुमचं भांडण त्याच्याशी कमी आणि घड्याळाशी जास्त आहे. या वयात झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा स्रवायला लागतं, त्यामुळे नऊला डोळे मिटणाऱ्या मुलाला दहा-साडेदहापर्यंत खरोखरच झोप येत नाही. गरज मात्र घटलेली नसते. बारा वर्षांपर्यंत किमान ९ तास आणि तेरापासून ८ ते १० तास झोप हवी. अकराला झोपून सहाला उठणारा मुलगा रोज दोन तासांच्या झोपेला मुकतो, आणि गणितात, आजीशी बोलताना, सकाळच्या चिडचिडीत तेच दिसतं. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं सांगितलं, ते चांगलंच झालं. पण ज्यांचं शरीरच उशिरा झोपायला लागतं ती मुलं पाचवीच्या पुढची, आणि ती अजून सातला प्रार्थनेला उभी असतात. ते तुमच्या हातात नाही. हातात आहे ते असं: साडेनऊला घरातले सगळे फोन, तुमचेसुद्धा, हॉलमध्ये चार्जिंगला. दिवे मंद. संध्याकाळी पाचनंतर चहा-कॉफी नाही. दुपारची झोप अर्ध्या तासाची. रविवारी तासभर जास्त झोपू दे, पण अकरापर्यंत नको, नाहीतर सोमवारी पुन्हा मागचे पाढे पंचावन्न. दहाला झोप लागली तरी तुम्ही एक तास मिळवलात.

आजीवर खेकसणं चालवून घ्यायचं नाही. राग येणं त्याच्या हातात नाही. मेंदूतला भावनांचा भाग लवकर पेट घेतो आणि आवर घालणारा भाग पंचविशीपर्यंत तयार होत असतो. आवाज मात्र हळूहळू त्याच्या हातात येतो, आणि तो आपणच शिकवायचा. त्या क्षणी एकच वाक्य: 'आजीशी या आवाजात बोलायचं नाही. आत जा, नंतर बोलू.' मग खरंच नंतर बोला, रात्री जेवण झाल्यावर. आजीला सॉरी म्हणणं किंवा तिचं एखादं काम करणं हे त्याने स्वतः ठरवू दे. पण सासूबाईंना एक विचारून बघा. पाहुण्यांसमोर 'किती काळवंडलास', 'बघा, आवाज कसा रेड्यासारखा झालाय', 'अजून उंची नाही आली' असं त्या मायेने बोलतात का? माझ्याकडे आजीवर चिडणारे जेवढे मुलगे आले त्यातल्या बऱ्याच जणांची तक्रार हीच होती. त्याच्या शरीराबद्दल चारचौघांत कुणी काही बोलायचं नाही, असा घरात नियमच करा.

मारण्याबद्दल स्पष्ट लिहिते. 'लालयेत् पञ्चवर्षाणि दशवर्षाणि ताडयेत्' (पाच वर्षं लाड करा, पुढची दहा वर्षं मार द्या) हा श्लोक मला अनेक वडिलांनी दवाखान्यात ऐकवला आहे. सोळाव्या वर्षी मुलाला मित्र माना, हा त्याचा शेवट सगळ्यांना आवडतो. पण सोळाव्या वर्षी मैत्री हवी असेल तर ती बाराव्या वर्षी मार खाणाऱ्या मुलाकडून मिळत नाही. फटक्याने त्या संध्याकाळी घर शांत होतं हे खरं. मुलगा मात्र एक गोष्ट शिकतो, ती म्हणजे बाबांना कळू द्यायचं नाही. आणि आता येणारी चार वर्षं अशी आहेत की बाबांना कळणं हीच त्याची सुरक्षितता आहे.

आता फोन. चोरून तपासू नका. सापडलं तर 'तुला कसं कळलं' यावरच सगळं संपतं, आणि पुढच्या वेळी तो जास्त सफाईने लपवतो. उघडपणे मात्र नियम करा, त्याच्यासमोर. व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम दोन्हींच्या स्वतःच्या नियमाने किमान वय १३ आहे, म्हणजे बारा वर्षांच्या मुलाचं स्वतंत्र खातं असायलाच नको. वर्गाचा ग्रुप तुमच्या फोनवर चालवा. फोन खोलीत नाही, पासवर्ड तुम्हाला माहीत, आणि अधूनमधून मी बघेन हे त्याला आधीच सांगितलेलं. धोक्याची ठोस शंका आली, अनोळखी माणूस फोटो मागतोय, कुणी पैसे मागतोय, तर त्याला सांगून लगेच बघा.

त्याआधी एक वाक्य आजच सांगून ठेवा: 'तू काही पाहिलंस, काही पाठवलंस, कुणी धमकी दिली, तरी आधी माझ्याकडे ये. मी आधी ओरडणार नाही, आधी सोडवीन.' आणि ते पाळा. मुलं अडकतात ती चुकीमुळे कमी आणि घरी कळण्याच्या भीतीने जास्त. तसं काही घडलंच तर चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा क्रमांक चोवीस तास चालतो, आणि अठराखालच्या मुलग्यांनाही पोक्सो या बाललैंगिक अत्याचारविरोधी कायद्याचं तेवढंच संरक्षण आहे जेवढं मुलींना. हे अनेक पालकांना ठाऊकच नसतं.

मार्कांचं आत्ता बाजूला ठेवा. सातवीच्या सहामाहीने काही बिघडत नाही. झोप दोन महिने नीट झाली की पुन्हा बघू.

बोलतं करायचं असेल तर शाळेतून आल्या आल्या विचारू नका. खायला द्या, आणि भरपूर द्या, या वयात भूक खरीच असते: भाकरी, उसळ, अंडं खात असेल तर अंडं, शेंगदाण्याची चिक्की. रात्री नऊच्या सुमाराला, तुम्ही ओटा आवरताना तो उगाच स्वयंपाकघरात घोटाळतो का बघा. या वयाची मुलं तिथेच बोलतात. त्या वेळी मटार सोलायला घ्या, त्याच्या हातात थोडे द्या, आणि गप्प राहा. काही सांगितलंच तर सल्ला लगेच देऊ नका. 'मग?' एवढं पुरे.

काही लक्षणं मात्र वयावर ढकलायची नाहीत. मित्र आणि खेळही सुटला, दोन आठवड्यांहून जास्त काळ उदास आहे, शाळेत जायलाच नको म्हणतो, हातावर कापल्याच्या खुणा आहेत, 'मी नसतो तर बरं झालं असतं' असं बोलतो, किंवा एखाद्या ठरावीक माणसाचं नाव काढलं की घाबरतो: यातलं एकही असेल तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा, आणि जीव देण्याची भाषा असेल तर त्याच दिवशी. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत आणि मराठीत बोलता येतं. एक शारीरिक गोष्टही लक्षात ठेवा. चिडचिड आणि थकव्याबरोबर वजन घटत असेल, सारखी तहान लागत असेल, रात्री दोन-तीनदा लघवीला उठत असेल तर त्याच दिवशी रक्तातली साखर तपासा. टाइप १ मधुमेह याच वयात बऱ्याचदा सुरू होतो आणि 'वयात आलाय' म्हणून तो अंगावर काढलेला मी पाहिला आहे.

एरवीही एकदा त्याला दाखवायला नेणं चांगलं. खासगी डॉक्टर नको असतील तर राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयांत दहा ते एकोणीस वयासाठी 'मैत्री' क्लिनिक असतं, तिथे पैसे लागत नाहीत. दहाव्या वर्षीचा टीडीचा (धनुर्वात-घटसर्पाच्या लसीचा) डोस राहिला असेल तर तेच निमित्त करा. आदल्या दिवशी त्याला सांगा की उंची-वजन बघायला जातोय, तुझी तक्रार करायला नाही. आत गेल्यावर मार्क आणि आजी हे विषय काढू नका. दहा मिनिटांनी तुम्हीच म्हणा, 'मी बाहेर बसते.' मी अशा वेळी आईसमोरच मुलाला सांगते की तू जे बोलशील ते माझ्याकडे राहील. फक्त तुझ्या जिवाला धोका असेल किंवा कुणी तुला त्रास देत असेल तर ते मी आईला सांगेन, आणि सांगण्याआधी तुला सांगेन. चांगला डॉक्टर एवढं करेलच. तो बाहेर आला की 'काय विचारलं?' असं विचारू नका. जवळपास रसवंती असेल तर दोघं उसाचा रस प्या आणि घरी या.